आंतरजालीय दूरध्वनी आणि व्यापारी संदेशवहन

मानवी आवाजाचे अंकीय संकेतांत रूपांतर करून ते संकेत आंतरजालाच्या, म्हणजेच इंटरनेटच्या, मार्गाने पाठवावयाचे व दुसऱ्या टोकाला त्यांपासून पुन्हा आवाज निर्माण करावयाचा, या पद्धतीस आंतरजालीय दूरध्वनी असे म्हणतात. नेहमीच्या तारेच्या दूरध्वनीत बोलणाऱ्या दोन व्यक्तींच्या दरम्यान संभाषण संपेपर्यंत एक स्वतंत्र मंडल राखून ठेवलेले असते. आंतरजालीय दूरध्वनीत असे मंडल नसते. आवाजाचे लहान लहान तुकडे पत्रे, चित्रे व इतर माहिती यांच्याबरोबर एकाच वाहिनीतून प्रवास करतात. त्यामुळे वाहिनीचा वापर काटकसरीने होतो व लांबच्या संभाषणाचा खर्च पुष्कळच कमी होतो. व्यापारी संस्थांनी ही पद्धती स्वीकारली ती मुख्यतः या कारणासाठी.

या बदलाचा दुसरा परिणाम काहीसा उशिरा लक्षात आला. तारेच्या दूरध्वनीत क्रमांक व जागा यांची सांगड होती. क्रमांक कळला म्हणजे बोलणारा कोठून बोलतो हे कळत असे. आंतरजालीय दूरध्वनीत ही सांगड सुटली. मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या मीरा-भाईंदर या ठाणे जिल्ह्यातील शहराच्या अलीकडील इतिहासात हे दोन्ही परिणाम स्पष्ट दिसतात. म्हणून प्रस्तुत लेखात या पद्धतीचा इतिहास त्या शहराच्या संदर्भात दिला आहे.

तारेचा दूरध्वनी व व्यापार : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८७६ मध्ये अमेरिकेत दूरध्वनीचे एकस्व (पेटंट) मिळविले. त्यानंतर सहा वर्षांच्या आत, २८ जानेवारी १८८२ रोजी, ओरिएंटल टेलिफोन कंपनीच्या द्वारे कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. पहिले ग्राहक प्रामुख्याने व्यापारी पेढ्या, कंपन्या व सरकारी कचेऱ्या हे होते. घरगुती सोय म्हणून दूरध्वनी घेण्याची प्रथा पुष्कळ नंतरची आहे. म्हणजे या देशात दूरध्वनीचा इतिहास व्यापारी संदेशवहनाच्या इतिहासापासूनच सुरू होतो. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला व इतरांना तो परवान्याने देण्याची तरतूद केली. हाच अधिनियम पुढे शतकाहून अधिक काळ या क्षेत्राचा मूळ कायदा राहिला. १९४३ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील खाजगी दूरध्वनी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई व दिल्ली येथील सेवेसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले. परदेशी संदेशवहन त्याच दिवशी विदेश संचार निगमाकडे आले.

या सर्व काळात दूरध्वनीची जोडणी म्हणजे केंद्रापासून ग्राहकाच्या जागेपर्यंत नेलेली तांब्याच्या तारांची एक जोडी असे. दूरध्वनी निर्देशिकेत ग्राहकाचे नाव, पत्ता व क्रमांक ही एकाच ओळीत छापलेली असत. क्रमांक हे व्यक्तीपेक्षा जागेचे नाव होते. पेढीने जागा बदलली, तर क्रमांक हलविण्यासाठी अर्ज करून वाट पहावी लागे. व्यापाराच्या दृष्टीने ही गैरसोय असली, तरी तिच्यातच एक आश्वासन होते. अमुक क्रमांकावरून मागणी नोंदविणारा व्यापारी अमुक गल्लीतील अमुक दुकानात बसतो, ही खात्री बाळगूनच केवळ दूरध्वनीवरील शब्दावर माल पाठविला जात असे.

ही खात्री कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न फार जुना आहे. कॅन्सस सिटी येथील आमन स्ट्रोजर हे अंत्यविधीची व्यवस्था करणारे व्यावसायिक होते. केंद्रातील जोडणी करणारी व्यक्ती आपल्याकडे येणारी गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्यांना संशय आला व त्यातून त्यांनी स्वयंचलित केंद्राची रचना केली, असे सांगतात. या रचनेचे एकस्व त्यांना १८९१ मध्ये मिळाले. स्वयंचलित केंद्रामुळे मध्यस्थ व्यक्ती दूर झाली; मात्र तार व तिचा पत्ता ही कायम राहिली.

परदेशी संभाषण दीर्घकाळ फारच महाग व दुर्मिळ होते. खडकी व दौंड येथील केंद्रांच्या साहाय्याने इंग्लंडशी रेडिओ-तारसंदेशवहन १९२७ मध्ये सुरू झाले व १९३३ मध्ये हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या दरम्यान रेडिओ-दूरध्वनी सेवा उपलब्ध झाली. देशांतर्गत दूरच्या संभाषणासाठी ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पहावी लागे. ग्राहकाने स्वतः क्रमांक फिरवून दुसऱ्या गावी बोलण्याची सोय, म्हणजे एसटीडी, प्रथम कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान १९६० मध्ये झाली. परदेशी क्रमांक स्वतः फिरविण्याची सोय १९७६ मध्ये मुंबई व लंडन यांच्या दरम्यान प्रथम मिळाली.

खाजगी दूरध्वनी केंद्रे : मोठ्या कचेरीत प्रत्येक मेजासाठी स्वतंत्र सरकारी तार घेणे परवडत नाही. म्हणून कचेरीतच एक लहान केंद्र बसवून त्यास बाहेरच्या थोड्या तारा व आतल्या पुष्कळ शाखा (एक्स्टेन्शन) जोडण्याची पद्धत रूढ झाली. आरंभी अशा केंद्रावर जोडणी करण्यासाठी एक व्यक्ती बसलेली असे. पुढे ही केंद्रे स्वयंचलित व नंतर इलेक्ट्रॉनीय झाली. ‘ईपीएबीएक्स’ या आद्याक्षरी नावाने ती आपल्याकडे कारखान्यांत, रुग्णालयांत व हॉटेलांत सर्वत्र परिचित आहेत. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने तयार केलेल्या लहान केंद्रांच्या आराखड्यांवरून अनेक देशी उत्पादकांनी उत्पादन सुरू केले व हे साधन मध्यम आकाराच्या उद्योगांच्या आवाक्यात आले.

तरीही या व्यवस्थेला मर्यादा होत्या. केंद्राची क्षमता ठराविक असे. शाखा वाढवावयाच्या तर नवे पत्रे (कार्ड) व नवी तार लागे. कारखाना एका गावी व विक्री कचेरी दुसऱ्या गावी असल्यास दोन केंद्रे बसवावी लागत व त्यांच्या दरम्यानचे प्रत्येक संभाषण सार्वजनिक जाळ्यातून पैसे भरून करावे लागे. अन्यथा भाडेपट्ट्याची स्वतंत्र वाहिनी घ्यावी लागे व ती मोठ्या कंपन्यांनाच परवडत असे.

तत्त्व व कार्यपद्धती : आवाजाचे अंकीय रूपांतर करण्याची कल्पना आंतरजालाहून जुनी आहे. ब्रिटिश अभियंते ॲलेक रीव्ह्ज यांनी ती १९३७ मध्ये मांडली. या पद्धतीत आवाजाच्या तरंगाची पातळी दर सेकंदास ८,००० वेळा मोजतात व प्रत्येक मापन ८ बिटांच्या अंकाने दर्शवितात. अशा रीतीने एका संभाषणाच्या एका दिशेस सेकंदाला ६४,००० बिट लागतात. १९७२ मध्ये ही पद्धती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली व जगातील अंकीय दूरध्वनी केंद्रे तिच्यावर उभारली गेली.

माहितीचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेटे, करून ती जाळ्यातून पाठविण्याची कल्पना अमेरिकेत पॉल बॅरन व इंग्लंडमध्ये डॉनल्ड डेव्हिस यांनी १९६०–७० या दशकात स्वतंत्रपणे मांडली. प्रत्येक पॅकेटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा अंकीय पत्ता लिहिलेला असतो आणि वाटेतील यंत्रे तो वाचून पॅकेट पुढे ढकलतात. टपालातील पाकिटांप्रमाणे एकाच पत्त्याची पॅकेटे वेगवेगळ्या मार्गांनी जाऊ शकतात, मागेपुढे पोहोचू शकतात किंवा गहाळही होऊ शकतात. पत्रव्यवहारात याने बिघडत नाही, कारण हरवलेले पॅकेट पुन्हा मागविता येते. संभाषणात मात्र उशिरा आलेला शब्द निरुपयोगी असतो. म्हणून घेणाऱ्या बाजूस पॅकेटे क्षणभर साठवून, क्रमाने लावून मग त्यांचा आवाज केला जातो व एखादे हरवल्यास ती फट अंदाजाने भरली जाते. एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला, तर बहुतेक संभाषणांत तो जाणवत नाही, असे आंतरराष्ट्रीय शिफारशीत नमूद केलेले आहे.

खर्च कसा कमी होतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. व्यापारी कचेरीस सरकारी केंद्राशी जोडणारी नेहमीची अंकीय वाहिनी सेकंदास सु. २० लक्ष बिट वाहून नेते व तिच्यातून एका वेळी ३० संभाषणे होतात. १९९६ मध्ये मान्य झालेल्या एका मानक पद्धतीने आवाज दाबून सेकंदास ८,००० बिटांत बसविता येतो. दर २० मिलिसेकंदांस एक पॅकेट धरल्यास प्रत्येकात आवाजाचे २० बाइट व पत्ता, क्रम इ. मजकुराचे ४० बाइट असतात. म्हणजे पत्त्याचा भार मालाच्या दुप्पट असतो. तरीही एकूण मागणी सेकंदास २४,००० बिट एवढीच होते. वाहिनीच्या इतर वेष्टनांचा भार सोडला, तर त्याच वाहिनीतून सु. ८० संभाषणे नेता येतात आणि दोघेही गप्प असताना ती वाहिनी पत्रे व हिशेब नेण्यास मोकळी राहते.

अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावर सु. १९७४ मध्ये आवाज पाठविण्याचे प्रयोग झाले. सर्वसामान्यांसाठी पहिली व्यापारी संगणक-प्रणाली इझ्राएलमधील व्होकलटेक या कंपनीने १९९५ मध्ये विक्रीस आणली. संभाषण जुळविण्याचे व तोडण्याचे नियम ठरविणारी ‘सिप’ या नावाने ओळखली जाणारी संहिता १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. व्यापारी वापराच्या दृष्टीने त्याच वर्षी घडलेली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाला आपल्या लहान व्यवसायासाठी दूरध्वनी केंद्र हवे होते, परंतु त्याची किंमत परवडत नव्हती. म्हणून त्याने साध्या संगणकावर चालणारी केंद्राची प्रणाली स्वतःच लिहिली व ती सर्वांना विनामूल्य खुली केली. ‘ॲस्टरिस्क’ या नावाने ती जगभर पसरली. लोखंडी कपाटातील केंद्राची जागा संगणकातील मजकुराने घेतली. शाखा वाढविणे म्हणजे त्या मजकुरात एक ओळ वाढविणे, एवढेच उरले.

भारतातील परवानगीचा इतिहास : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. आंतरजालावरून संभाषण करण्यास मात्र दीर्घकाळ बंदी होती. परदेशी संभाषणाचे उत्पन्न हे सरकारी निगमांच्या मिळकतीचे मोठे साधन होते आणि त्यातूनच ग्रामीण व स्थानिक सेवेचा तोटा भरून निघत असे, हे या बंदीमागील एक कारण होते. विदेश संचार निगमाची परदेशी संभाषणावरील मक्तेदारी संपताच, १ एप्रिल २००२ पासून, आंतरजाल सेवा देणाऱ्या कंपन्यांना मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून संगणकाशी व भारतातील संगणकावरून परदेशी दूरध्वनीशी बोलता येऊ लागले. परंतु भारतातील दूरध्वनी जाळ्याशी आंतरजालीय संभाषण जोडण्यास मनाई कायम राहिली.

कॉल सेंटरांसाठी १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात ‘इतर सेवा पुरवठादार’ असा स्वतंत्र वर्ग करण्यात आला. त्यांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे. परदेशी गिऱ्हाइकांची खाजगी वाहिनी व देशातील सार्वजनिक दूरध्वनी यांची एकमेकींशी जोडणी होता कामा नये, अशी अट होती. कचेरीच्या एकाच केंद्रात या दोन्ही वाहिन्या आल्या, तरी त्यांच्यामध्ये भिंत राखावी लागे. या नियमांचा हेतू मुख्यतः महसूल-रक्षणाचा होता. संभाषण कोणत्या मार्गाने गेले, याकडे नियमांचे लक्ष होते. बोलणारा स्वतःची ओळख काय सांगतो, याकडे ते फारसे नव्हते.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये केलेल्या शिफारशींनंतर, जून २०१८ मध्ये परवानाधारक दूरध्वनी कंपन्यांना आंतरजालावरून देशातील दूरध्वनी क्रमांकाशी संभाषण जोडून देण्याची मुभा मिळाली. मार्च २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे कॉल सेंटरांतील कर्मचाऱ्यांना घरून काम करू देण्यासाठी नियम शिथिल करण्यात आले. २३ जून २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी देशी व परदेशी केंद्रे हा भेद काढून टाकला व दूरध्वनी केंद्र जगात कोठेही ठेवण्यास परवानगी दिली. कचेरी एका गावी, तिचे दूरध्वनी केंद्र दुसऱ्या देशातील संगणकात व बोलणारी व्यक्ती तिसऱ्याच ठिकाणी स्वतःच्या घरात, अशी रचना त्यामुळे नियमबद्ध झाली.

मीरा-भाईंदर : दक्षिणेस दहिसर, उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस उत्तनचा किनारा यांच्या दरम्यान हे शहर वसले आहे. मिठागरे, भातशेती व मासेमारी हे येथील जुने व्यवसाय होत. पश्चिम रेल्वेच्या मीरा रोड व भाईंदर या स्थानकांभोवती विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात वस्ती झपाट्याने वाढली. १२ जून १९८५ रोजी येथे नगर परिषद व २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सु. ८ लक्ष होती. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी व इतर लहान उद्योगांचे उत्पादन होते. जिल्हा ठाणे असला, तरी दूरध्वनीच्या दृष्टीने हे शहर मुंबईचाच भाग मानले गेले व मुंबईचा ०२२ हा संकेतांक येथे चालतो.

या शहराचे अर्थकारण मुंबईशी बांधलेले आहे. गाळा भाईंदरला व विक्रीची पेढी मुंबईच्या बाजारात, ही लहान कारखानदाराची नेहमीची स्थिती होय. अशा दोन जागा एकाच केंद्राच्या शाखा म्हणून चालविण्याची सोय पूर्वी मोठ्या कंपन्यांपुरती होती. आंतरजालीय दूरध्वनीने ती लहान उद्योगाच्या आवाक्यात आणली. कारखान्यातील उपकरण व पेढीतील उपकरण यांस आंतरजालाची जोडणी असली, की दोहोंमधील संभाषणास वेगळा आकार पडत नाही. गिऱ्हाइकाने एकच क्रमांक लावावा व तो मालक असेल तेथे वाजावा, ही व्यवस्था एका लहान उपकरणाने किंवा सेवा-कंपनीच्या मासिक वर्गणीने होते.

दुसरा परिणाम रोजगाराचा. अंधेरी, गोरेगाव व मालाड या मुंबईच्या पश्चिम उपनगरांत २००० नंतर कॉल सेंटरांची मोठी वाढ झाली. तेथे रात्रपाळीस जाणाऱ्या तरुणांपैकी अनेकजण मीरा रोड व भाईंदर येथे राहणारे होते. इंग्रजी बोलण्याचा सराव, रात्री काम करण्याची सवय व परदेशी गिऱ्हाइकाशी कसे बोलावे याचे शिक्षण त्यांनी तेथे घेतले. पुढे मीरा रोड येथेच लहान कॉल सेंटरे निघाली. त्यांना लागणारे भांडवल बेताचे असे : भाड्याचा मजला, संगणक, कानावर लावावयाचे संच, आंतरजालाची जोडणी व संगणकातील दूरध्वनी केंद्र. अमेरिकेतील क्रमांक महिन्याच्या भाड्याने मिळत असे. तांब्याच्या तारेच्या काळात जे मोठ्या कंपनीलाही वर्षभरात उभारता आले नसते, ते आता काही दिवसांत उभे राहू लागले.

२०१६ चे प्रकरण : ४ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. ७०० हून अधिक लोकांना ताब्यात घेऊन त्यांची चौकशी करण्यात आली व सु. ७० जणांना अटक झाली. आरोप असा होता, की येथून अमेरिकेतील नागरिकांना आंतरजालीय दूरध्वनीने बोलावून, आपण तेथील प्राप्तिकर खात्याचे अधिकारी आहोत असे सांगितले जाई. कर थकल्याबद्दल तत्काळ अटक होईल अशी धमकी देऊन रक्कम मागितली जाई. रक्कम बँकेतून न घेता मुख्यतः दुकानांत मिळणाऱ्या भेटपत्रांच्या (गिफ्ट कार्ड) क्रमांकांच्या रूपाने घेतली जाई. मुख्य संशयितास एप्रिल २०१७ मध्ये अटक झाली.

याच प्रकारच्या गुन्ह्यांबद्दल २७ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने ६१ व्यक्ती व संस्थांविरुद्धचे आरोपपत्र जाहीर केले. त्यांत अहमदाबाद येथील पाच कॉल सेंटरांचा समावेश होता. त्या खटल्यात जुलै २०१८ मध्ये अमेरिकेत राहून पैसे गोळा करणाऱ्या २१ जणांना कमाल २० वर्षांपर्यंतच्या कारावासाच्या शिक्षा झाल्या. फसवणूक झालेल्यांत वृद्ध व नुकतेच स्थलांतर करून आलेले लोक पुष्कळ होते. परक्या देशात स्थिर होऊ पाहणाऱ्या माणसाला सरकारी खात्याच्या नावाची वाटणारी भीती हेच या गुन्ह्याचे भांडवल होते.

या प्रकरणाचे तांत्रिक मर्म समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या दूरध्वनी जाळ्यात बोलावणाऱ्याचा क्रमांक त्याच्या तारेवरून केंद्र स्वतः ठरवीत असे व पुढच्या केंद्रास कळवीत असे. अशी केंद्रे चालविणाऱ्या संस्था मोजक्या, परवानाधारक व परस्परांस परिचित होत्या. म्हणून कळविलेला क्रमांक खरा मानण्याची रीत पडली. आंतरजालीय दूरध्वनीत बोलावणाऱ्याचा क्रमांक हा निमंत्रणाच्या पॅकेटात लिहिलेला साधा मजकूर असतो व तो पाठविणाऱ्याचे केंद्रच लिहिते. ते केंद्र कोणाच्याही संगणकात असू शकते. तेथे वॉशिंग्टनचा क्रमांक लिहिला, तर वाटेतील कंपनीने तपासणी केली नसल्यास घेणाऱ्याच्या पडद्यावर वॉशिंग्टनचाच क्रमांक उमटतो. विश्वास जुन्या जाळ्याचा राहिला व प्रवेश मात्र सर्वांना खुला झाला. या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत हा गुन्हा वाढला.

अटक झालेल्यांत व चौकशी झालेल्यांत बहुसंख्य विशीतील तरुण-तरुणी होते. वैध कॉल सेंटरातही परके नाव धारण करणे, लिहून दिलेला मजकूर वाचणे व परक्या उच्चारात बोलणे हे कामाचे रूढ भाग होते. त्यामुळे वैध व अवैध कामाच्या बाह्य स्वरूपात फरक थोडा होता. फरक होता तो मजकुरात. तो मजकूर वाचणाऱ्यास त्याचा अर्थ कळत नव्हता असे म्हणणे कठीण आहे. परंतु ज्याला फसविले जात आहे त्याचा चेहरा, घर व गाव यांपैकी काहीच समोर नसल्याने अपराधाची जाणीव बोथट होते, ही गोष्टही विसरता येत नाही. बोलणाऱ्याचा ठावठिकाणा जसा ऐकणाऱ्यास दिसत नाही, तसाच ऐकणाऱ्याचा बोलणाऱ्यास दिसत नाही.

उपाययोजना : अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या कायद्यानुसार कंपन्यांनी बोलावणाऱ्याच्या क्रमांकावर सांकेतिक स्वाक्षरी करावी व पुढच्या कंपनीने ती तपासावी, अशी व्यवस्था ३० जून २०२१ पर्यंत मोठ्या कंपन्यांना आपल्या आंतरजालीय जाळ्यांत अमलात आणावी लागली. भारतात २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ च्या अधिनियमाची जागा घेण्याची तरतूद केली व दूरसंचार ओळखचिन्हांत फेरफार करणे हा गुन्हा ठरविला. प्रचारासाठी केलेल्या व्यापारी दूरध्वनींकरिता १४० व सेवाविषयक दूरध्वनींकरिता १६० अशा आरंभीच्या अंकांच्या स्वतंत्र मालिका नेमण्यात आल्या. बोलावणाऱ्याचे नाव घेणाऱ्याच्या पडद्यावर दाखवावे, अशी शिफारस नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली.

या काळात प्रवाहाची दिशाही उलटली. २०२३-२४ च्या सुमारास परदेशातून, विशेषतः आग्नेय आशियातून, भारतीय नागरिकांना दूरध्वनी करून आपण पोलीस, सीमाशुल्क किंवा दूरसंचार खात्याचे अधिकारी आहोत असे भासविण्याचे व ‘डिजिटल अटके’ची भीती घालून पैसे उकळण्याचे प्रकार वाढले. मीरा रोड येथून अमेरिकेतील वृद्धांना ऐकविला गेला, त्याच धर्तीचा मजकूर आता महाराष्ट्रातील निवृत्त शिक्षकांना व कारकुनांना ऐकावा लागला. पडद्यावर अनेकदा भारतीय क्रमांकच दिसे. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने परदेशातून येणारे, परंतु भारतीय क्रमांक दाखविणारे बनावट दूरध्वनी रोखण्याची यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांत तिने असे सु. १.३५ कोटी दूरध्वनी अडविल्याचे सरकारने जाहीर केले. आर्थिक फसवणुकीची तक्रार तत्काळ नोंदविण्यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक ठेवण्यात आला आहे.

मीरा-भाईंदर व वसई-विरार यांसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. त्यामुळे शहराला जवळची यंत्रणा मिळाली, तरी अशा गुन्ह्यांचा तपास कोणत्याही एका शहराच्या हद्दीत पुरा होत नाही. दूरध्वनी केंद्र एका देशात, क्रमांक दुसऱ्या देशाचा, बोलणारा तिसऱ्या ठिकाणी व रक्कम चौथ्या ठिकाणी, अशी स्थिती असते. प्रत्येक ठिकाणची नोंद वेळेवर व एकमेकांना मिळाली, तरच साखळी जुळते.

समालोचन : तारेच्या दूरध्वनीचा काळ परत येणार नाही व तो यावा असेही म्हणता येत नाही. त्या काळी दूरच्या संभाषणाची किंमत एवढी होती, की लहान कारखानदार, परगावी शिकणारा मुलगा व सामान्य नोकरदार यांना ते जवळजवळ वर्ज्यच होते. आंतरजालीय दूरध्वनीने व्यापारी संदेशवहनातील श्रीमंतांचा विशेषाधिकार मोडला. भाईंदरच्या गाळ्यातील कारखानदार आज ज्या सुलभतेने परगावच्या गिऱ्हाइकाशी बोलतो, ती त्याच्या आधीच्या पिढीस मिळाली नव्हती.

परंतु जुन्या तारेतून आवाजाबरोबर आणखी एक गोष्ट आपोआप वाहत येत होती व तिचे मोल वेगळे आकारले जात नव्हते. ती गोष्ट म्हणजे बोलणाऱ्याच्या पत्त्याची हमी. नव्या पद्धतीत ही हमी आपोआप मिळत नाही. ती स्वाक्षरी, नोंदणी, क्रमांकांच्या मालिका व तपासणी यांच्या द्वारे मुद्दाम निर्माण करावी लागते आणि तिला खर्च येतो. २००२ ते २०१८ या काळात भारतातील नियमांनी मुख्यतः संभाषणाच्या उत्पन्नाचे रक्षण केले. त्यानंतरच्या नियमांचा कल ऐकणाऱ्याच्या रक्षणाकडे आहे. ही हमी पूर्णपणे निर्माण होईपर्यंत, पडद्यावर दिसणारा क्रमांक हा ओळखीचा पुरावा नव्हे, हे प्रत्येक ग्राहकाने ध्यानात ठेवणे इष्ट होय. दूरध्वनीवरून कोणी अधिकार सांगून पैसे मागितल्यास ते संभाषण थांबवावे व त्या खात्याचा क्रमांक स्वतः शोधून आपण होऊन विचारणा करावी. जुन्या काळी पत्त्यावर समक्ष जाऊन खात्री करून घेण्याची जी रीत व्यापाऱ्यांत होती, तिचेच हे नवे रूप म्हणता येईल.